डिस्कला कुंकू

आमच्या घरी रविवारचा कुकर आप्पांना विचारून लावावा लागे. हे वाचून कुणाला वाटेल, काय बाई जाच! तसं काही नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, अगदी गरीब स्वभावाचे; ताटात पडेल ते खाणार आणि आईची चार वाक्यं झाल्यावर एकदा 'हं' म्हणणार. फक्त रविवारी सकाळी दुकानातली एखादी नवी डिस्क घरी आणून ते ऐकायला बसले, की तेवढा तासभर शिट्टी वाजता कामा नये, हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक हुकूम. आईला तो मान्य नव्हता. ती म्हणे, देवाच्या आरतीला मी कधी डाळ थांबवली नाही, ह्यांच्या सतारीला कशी थांबवू? मग कुकर राहिला बाजूला, ती मुद्दाम फोडणीच घाली. मोहरी तडतडली की आप्पा डोळे न उघडताच हात वर करत, आणि आतून आई म्हणे, मोहरीला सांगा, मला काय सांगता. आमची कॉलनी नाशिक रोडला, स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर. घरं एकमेकांना इतकी खेटून की शेजारच्या काकूंनी पोळीवर तूप वाढलं तरी कळावं. स्टेशनातली गाड्यांची घोषणा, नोटांच्या प्रेसचा भोंगा, भंगारवाल्याची हाळी, गच्चीवर कुणाचं तरी वाळवण राखणाऱ्या पोरांचा गलका, हे सगळं खिडकीतून आत येई आणि त्यातून वाट काढत आप्पांची सतार चाले. एवढ्या गोंगाटात ह्या माणसाला आवाज स्वच्छ हवा, ह्याचं मला तेव्हाही हसू यायचं आणि आताही येतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा माझी लेक म्हणाली, आई, आठवणी म्हाताऱ्या माणसांनी लिहायच्या असतात, तुझे तर अजून सगळे दात शाबूत आहेत. तिला म्हटलं, बाई गं, ज्या वस्तूबद्दल लिहायचंय ती तुझ्या जन्माआधीच म्हातारी झाली, मग मी कुणासाठी थांबू?

तर घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कपाटाच्या दोन बाजूंना दोन उंच स्पीकर. पाहुणे आले की त्यांना आधी ते दिसत, आम्ही नंतर. उन्हाळ्यात आई त्यांच्यावर कुरडयांची ताटं ठेवी, गणपतीत एकावर गणपती बसे आणि एकावर त्याचा प्रसाद. आईचं माहेर लासलगावचं. तिचा धाकटा भाऊ, वसंतमामा, तिथं कांद्याचा व्यापारी. त्याच्याकडून कांदा पोत्यानं येई, त्यामुळे आमच्याकडे कांदा नसलेला पदार्थ म्हणजे चहा तेवढा. सकाळी कांदेपोहे, दुपारी भाकरी आणि कांद्याचं पिठलं, रात्री काळ्या मसाल्याची आमटी, तिलाही वाटण भाजलेल्या कांद्याचंच. मामा आला की अख्ख्या इमारतीला कळे. जन्म मार्केट यार्डात लिलाव पुकारण्यात गेलेला, साधं "पाणी दे गं ताई" म्हटलं तरी तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावे. पण कान मात्र तिखट. लिलावात समोरच्याचे नुसते ओठ हलले तरी मला भाव कळतो, असं तो सांगे आणि ते खरंही होतं. आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजलो तरी बाहेरच्या खोलीतून त्याचं उत्तर येई.

आप्पांचं दुकान देवळाली कॅम्पात, बाजाराच्या आतल्या गल्लीत. आधी कॅसेटी, मग सीड्या. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. तिथं माणसं येतात ती जाण्यासाठीच. दोन-तीन वर्षांनी बदली झाली की साहेब लोक जड सामान काढून टाकत, आणि गाण्याची यंत्रं असली की ती आप्पांकडे येत. दुकानाच्या मागं एक जुनी गोदामाची खोली होती. तिच्या भिंतींवर आवाज घुमतो म्हणून आप्पांनी आईच्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही; म्हणाली, माझ्या आईच्या लुगड्यांना खिळे मारले ह्या माणसानं. पण आवाज खरंच बसला. त्या खोलीत निरनिराळ्या घरांतून आलेल्या निरनिराळ्या खुर्च्या होत्या, आणि रविवारी दुपारी तिथं दहा-बारा माणसं ऐकायला जमत. त्यांतले एक निवृत्त सुभेदार, तोफखान्यातले, मूळचे निफाडकडचे. येताना खिशातून शेंगदाणे आणत पण ऐकताना एकही खात नसत. कॅम्पाच्या पलीकडे रेंजवर तोफांचा सराव चाले. मधूनच धडाम् झालं की कपाटाच्या काचा थरथरत, आप्पा वैतागून गाणं थांबवत, आणि सुभेदार तेवढ्यापुरते डोळे उघडून कुठली तोफ होती ते सांगत.

मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. म्हणजे घरी कुठली, रोज बसनं कॅम्पात जाऊन दुकानात बसत होते. आप्पांचे गुडघे धरलेले, त्यामुळे शटर मी उघडायची, माल मी मागवायची, यंत्रांवरची धूळही मीच झाडायची. कुणी मला दुकान बघायला सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. स्थळं येत होती. आई फोटो दाखवी, मी बघून परत देई. मला लग्नाचा तिटकारा नव्हता. मला ते दुकान हवं होतं. ती गोधड्यांची खोली माझी असावी, असं मला इतकं मनापासून वाटे की ते बोलून दाखवायची लाज वाटायची. बावीस वर्षांच्या मुलीनं साडी मागावी, सोनं मागावं. दुकान कुठं मागतात?

त्याच सुमारास बदली झालेल्या एका साहेबांकडून आप्पांनी तो प्लेअर घेतला. दिसायला सीडी प्लेअरसारखाच, पण त्याच्यात एक नवी डिस्क चाले. एकाच डिस्कमध्ये दोन थर. एक साधा, कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजणारा. दुसरा खास, त्यात आवाज कितीतरी जास्त बारकाईनं साठवलेला, आणि तो ह्या प्लेअरशिवाय कुणालाच वाचता न येणारा. खास थर लागला की प्लेअरच्या तोंडावर निळा दिवा लागे. सोबत एकच डिस्क आली होती, परदेशात कुठल्याशा चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं सरोदवादन. आप्पांनी ती पहिल्यांदा लावली, निळा दिवा लागला, आणि गृहस्थ खुर्चीत असे बसले जसे मुंजीत बसले असतील. मला म्हणाले, मने, आता लोक परत येतील बघ. लोक तेव्हा जायला लागले होते, हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

पण लोक कसले येतात! स्टेशनाबाहेर दीडशे गाण्यांच्या एकेक सीड्या चादरीवर पसरून विकल्या जात होत्या, ती गाणी हळूहळू फोनात शिरत होती, आणि इकडे आप्पांची ही डिस्क आठ-दहा गाण्यांना आठ-दहा सीड्यांचे पैसे मागत होती. शिवाय कंपन्यांची आपापसांत जुंपलेली. एकीनं अशी डिस्क काढली तर दुसरीनं तशी, एकीची दुसरीच्या यंत्रात वाजेना. घरात दोन सुना आणि चूल एकच, पण दोघींचे तवे निराळे, तसला प्रकार. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं आधी ठरू द्या. ते ठरेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं होतं. आज ह्याची कारणं लोक मोठमोठ्या शब्दांत सांगतात. मी गल्ल्यावर बसून पाहिलंय, एवढंच होतं.

भाद्रपदात वसंतमामा आला आणि त्यानं घरी येऊन सरळ विषय काढला. दुकान मोबाईलचं करा. भांडवल तो घालणार, गल्ल्यावर त्याचा मुलगा सचिन बसणार, आप्पांनी घरी बसून गुडघ्यांना तेल लावावं, आणि ह्या पोरीचं लग्न उरकावं. दसऱ्याचा मुहूर्त धरून पाटी लावू. हे सगळं त्यानं प्रेमानंच सांगितलं, वाईट बुद्धी नव्हती त्याची. बहिणीचं घर बुडू नये एवढंच त्याला वाटत होतं. आप्पा 'हं' म्हणाले. मी आत कणीक मळत होते. माझ्या आयुष्याचा निकाल बाहेर लागत होता आणि मला कुणी विचारायला आलं नव्हतं. मी परात आपटली. मामाचे कान तिखट, तो लगेच म्हणाला, काय गं मने, काय झालं? मी बाहेर जाऊन म्हटलं, मागच्या खोलीचं काय? मामा म्हणाला, तिथं फोनची खोकी ठेवू.

तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, वसंतराव, खोली मोडायच्या आधी एकदा तिथं बसून ऐका. मामा हसला. पण माणूस व्यापारी, पैज लागली की सोडणारा नव्हे. ठरलं असं: दसऱ्याला पूजा झाल्यावर आप्पांनी मामाला सरोदचा एकच तुकडा दोनदा ऐकवायचा, एकदा साध्या थरातून, एकदा खास थरातून. मामाला फरक कळला तर दुकान आहे तसं राहील आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही कळला तर पाटी चढणार. "माझ्या कानाला जे कळत नाय," तो म्हणाला, "त्याला बाजारात भाव नाय." मला ते बरंच वाटलं. त्या कानांवर माझा पुरता विश्वास होता.

दसऱ्याला आई दुकानात येई, वर्षातून ती एकदाच. शस्त्रांची पूजा म्हणजे आमच्याकडे गल्ला, ॲम्प्लिफायर, पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि आप्पांची स्कूटर. सगळ्यांना झेंडूच्या माळा. चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, त्यापुढं आप्पांनी स्वतःच्या हातानं ती सरोदची डिस्क उघडून ठेवली. आज हिच्यावर सगळं आहे, हिचीही पूजा होऊ दे, म्हणाले. मी आणि आप्पा मागं खुर्च्या लावत होतो. आईनं मनोभावे एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि डिस्क हातात घेतली. तिच्या एका बाजूला सुंदर चित्र, दुसरी बाजू कोरी, आरशासारखी चकचकीत. आता चित्रावर कोण कुंकू फासेल? आईनं कोऱ्या बाजूवर छानपैकी ओलं स्वस्तिक काढलं, मधोमध अक्षता चिकटवल्या, नमस्कार केला. मग तिला वाटलं, हे यंत्रात घालायचं असतं, ओलं कसं घालणार? म्हणून तिनं पदराच्या टोकानं ते स्वच्छ पुसून काढलं. गोल गोल, परात घासल्यासारखं, अक्षतांसकट.

मी डिस्क घ्यायला आले तेव्हा आई समाधानानं हळद लागलेली बोटं पुसत होती. मी डिस्क उजेडात धरली. तांदळाच्या कण्यांनी ओढलेले बारीक ओरखडे, सबंध फेरभर. पण गल्लीत मामाची जीप लागलेली, माणसं आत शिरत होती, सुभेदार सोनं वाटत होते, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" चाललेलं. आप्पांनी माझ्या हातातून डिस्क घेतली, चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर, आणि ती प्लेअरमध्ये सारली. मी त्यांच्या कानाशी लागणार तोच मामा मधल्या खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, चला दाजी, होऊन जाऊ द्या.

आधी साधा थर. सरोदची ती संथ सुरुवात, गोधड्यांनी गिळलेला बाजाराचा आवाज, मागं कुणाच्या तरी खुर्चीची एक कुरकुर. आप्पांनी थांबवलं, बटण दाबलं आणि यंत्राकडं पाठ करून मामाकडं वळले. म्हणाले, आता ऐका, पडदा बाजूला सारल्यासारखं वाटेल. तोच तुकडा पुन्हा सुरू झाला. कुणी हललं नाही. सुभेदारांचे डोळे मिटलेले, एक पेन्शनर मान डोलवत होते, आणि आमचा मामा, ज्याला दोन मिनिटं गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, तो हनुवटी छातीला लावून बसला होता. तुकडा संपला. मामानं डोळे उघडले. त्यानं ओठ पुसले आणि जरा नाराजीनंच म्हणाला, "हरलो, दाजी. फरक हाय. दुसऱ्या वेळेला लय जवळून आलं."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी खाली, प्लेअरच्या शेजारीच जमिनीवर बसले होते, म्हणून मान वळवली. निळा दिवा लागलेलाच नव्हता. खास थर यंत्राला वाचताच आला नव्हता; दोन्ही वेळा साधाच थर वाजला होता. मी वर पाहिलं तर आप्पाही तिकडंच बघत होते. आमची नजरानजर झाली. आप्पा, गप्प बसा, असं मी मनातल्या मनात त्यांना किती विनवलं म्हणून सांगू! पैज जिंकली होती, दुकान वाचलं होतं, मामा स्वतःच्या तोंडानं हरलो म्हणाला होता. नुसतं 'हं' म्हणायचं होतं, आणि तेवढं तर त्यांना येत होतं.

"वसंतराव, थांबा," आप्पा म्हणाले. "दिवा लागलेला नाही. तुम्ही दोन्ही वेळा तेच ऐकलंत. आणि मीही."

मग आईनं दारातून विचारलं, माझ्या कुंकवामुळं का हो? आणि तिनं चित्र, कोरी बाजू, पदर, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज रडवेला झाला. आप्पा तिच्याजवळ गेले आणि चारचौघांत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू पूजाच केलीस ना, मग झालं. इतकी वर्षं ज्या कानांच्या जिवावर ते उभे होते त्यांनाच तो फरक कळला नव्हता, आणि हे त्यांना त्या क्षणी उमगलं होतं. मला त्यांची इतकी कीव आली आणि इतका अभिमान वाटला की रडू कशाचं येतंय तेच कळेना.

मामा उठला. म्हणाला, दाजी, वाईट वाटून घेऊ नका, कांदा सडला की फेकायचा असतो, त्याच्याशेजारी बसायचं नसतं. तो निघणार तेवढ्यात सुभेदारांनी घसा साफ केला. ते म्हणाले, "मला तर कवाच फरक कळला नाय, आप्पा. तोफांनी डावा कान गेला, उजवा निम्मा हाय. मी येतो कारण हितं कुणी बोलत नाय. घरी टीव्ही चालू, नातवंडं चालू. अशी गप बसलेली माणसं दुसरीकडं कुठं भेटतात?" पेन्शनर म्हणाले, खरंय. मागून आणखी कुणीतरी खरंय म्हणालं.

आणि मग मी बोलले. आधी ठरवलं नव्हतं, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. म्हटलं, मामा, तुम्ही सगळा कांदा निघाल्या दिवशीच विकता का? कांदाचाळीत भरून ठेवता ना, भाव येईपर्यंत? सडका फेकता, पण म्हणून कुणी चाळ मोडत नाही. ही खोली माझी चाळ आहे. पुढं मोबाईल विका, पाटी लावा, माझी हरकत नाही, पण गल्ल्यावर मी बसेन. सचिनला दुकानाची हौस नाही, त्याला ट्रक घ्यायचाय, तुम्हाला सांगायला भितो. आणि मागची खोली मला द्या. डिस्क कुठली का असेना, माणसं ऐकायला बसतात हे तुम्ही आत्ता पाहिलंत. तुम्ही स्वतः बसलात.

निघालेला मामा परत खुर्चीत टेकला. मग त्यानं आईला विचारलं, ताई, ही कुणावर गेली गं? आई नाक पुसत म्हणाली, तुझ्यावरच, दुसरं कुणावर जाणार? मामाला हसू फुटलं. आप्पांना तो म्हणाला, पुढं माझं, मागं हिचं, बोला. आप्पा म्हणाले, मला काय विचारता, तिला विचारा. हे वाक्य ऐकायला मी कितीतरी दिवस वाट बघत होते.

तेव्हापासून आजतागायत हाच कारभार आहे. फोनच्या कव्हरांनी, चार्जरांनी आणि रिचार्जनी माझ्या डिस्का जगवल्या, हे मी कुठल्याही गाण्याच्या शौकिनापुढं न लाजता सांगते. त्या भारी डिस्का मेल्या असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या थोड्या उरल्या, एवढं खरं. परदेशात अजून काही ठिकाणी मोजक्या निघतात, जपानातून जुन्या येतात. प्लेअर बिघडतात, त्यांच्यातलं डिस्क वाचणारं भिंग कमजोर होतं, मग दोन बंद पडलेल्यांतून एक चालू करावा लागतो. आणि गंमत अशी की ज्यांच्या खिशात जगातलं सगळं गाणं फुकट आहे ती पंचविशीतली पोरंच आता विचारत येतात. एक जोडपं परवा सटाण्याहून आलं होतं. सगळी डिस्क सलग ऐकली, मध्ये फोन वाजला तर त्या मुलानं तो नेऊन बाहेर काउंटरवर ठेवला. फरक कळतो का, म्हणून मी त्यांना विचारत नाही. माझे कान तेव्हापासून बरेच तयार झालेत, मला कधी कळतो, कधी नाही. पण कुणीतरी एवढ्या मायेनं, एकही बारकावा सांडू नये म्हणून आवाज साठवला, आणि कुणीतरी तो ऐकायला एवढ्या लांबून आलं, तर ती वस्तू संपली कशी म्हणायची? पुढं ह्या डिस्का राहतील, निदान माझ्या हयातीत तरी, असं मला मनापासून वाटतं. पंच्याऐंशीचे आप्पा तर म्हणतात, तुझ्या लेकीच्याही राहतील.

पण मला सांगायचंय ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल. त्या सकाळी मी एकटीनं दुकान उघडलं. आप्पा मुद्दामच आले नाहीत. वर पाटी अजून ओली होती, रंगाचा वास येत होता. पुढं काचेच्या कपाटात मामानं कालच जीपमधून उतरवलेले फोन, आणि मी गल्ल्यावर, काय बोलायचं गिऱ्हाइकाशी ह्याची मनात उजळणी करत. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. एवढा तोरा मिरवून दुकान घेतलं आणि आता हे रिकामं राहिलं तर मामा काही बोलणार नाही, पण मला स्वतःच्या तोंडाकडं बघवणार नाही. हाताला चाळा म्हणून मी मागच्या खोलीत बासरीची एक साधी सीडी लावून आले.

तीनच्या सुमाराला एक जवान आला. सांगलीकडचा असावा, बोलण्यावरून. नुकताच भरती झालेला, केस बारीक कापलेले, कान उघडे पडलेले. घरी फोन करायला रिचार्जचं कूपन हवं होतं. मी दिलं. ते खरवडता खरवडता तो थांबला आणि मागच्या दाराकडं बघायला लागला. म्हणाला, आत कोण वाजवतंय? मी म्हटलं, कुणी नाही, यंत्र आहे, बसा हवं तर. त्यानं घड्याळ बघितलं, बूट दाराशी काढले, टोपी मांडीवर ठेवून सगळ्यांत मागच्या खुर्चीत बसला. मी गल्ल्यावर परतले. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. रेंजवर दोनदा तोफ झाली, तरी तो उठून आला नाही. बासरी संपली, मी जाऊन सीडीची सुरुवात पुन्हा लावून दिली, त्यानं वरही पाहिलं नाही.

उजेड कमी व्हायला लागल्यावर तो बाहेर आला. बस चुकली असं स्वतःशीच पुटपुटला, पण त्याचं त्याला फारसं वाटलेलं दिसलं नाही. बुटाची नाडी बांधून झाली, तरी तो उभाच राहिला. मग खिशात हात घालून म्हणाला, "ताई, ऐकल्याचे किती झाले?"

एवढ्या वर्षांत त्या खोलीत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आप्पांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बसच्या तिकिटाएवढे द्या, असं काहीतरी मी बोलून गेले. त्यानं सुटे काढून काउंटरवर ठेवले, पायरी उतरला, आणि परत वर आला.

"येत्या रविवारी दोघं आलो तर चालेल का?"

मी म्हटलं, या की, खुर्च्या पुष्कळ आहेत.